दोन चिंध्यांचा पाईप

आत्याबाई, अंगणातला पाईप अजून उभा आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर घरच्या माणसांच्या आधी त्याचीच खुशाली विचारली असती. वरचा ॲन्टेना एका वावटळीत कधीच खाली आला, त्याच्या दांड्या पोरांनी कुठं नेल्या कोणास ठाऊक. पाईप मात्र शेवग्याला टेकून जसाच्या तसा उभा आहे. मी त्याच्यावर वाल चढवते. तुमचा नातू दर वर्षी म्हणतो, "आई, हा आडवा येते गाडी लावाले, कापून टाकतो." मी म्हणते, काप बाबा, पण आधी शेंगा खाणं सोड. शेंगा तो सोडत नाही, आणि पाईप राहतो.

आपला टीव्ही आला तेव्हा इथं दोन राज्यांच्या हद्दीवर, वांकिडीच्या आसपास टीव्ही असलेली घरं बोटावर मोजावी इतकीच होती. तुमच्या लेकानं तो ऑफिसातल्या एकाकडून जुना घेतला. त्या टीव्हीची गंमत अशी, की पाईप उत्तरेला फिरवला तर चंद्रपूरकडचं मराठी लागायचं, दक्षिणेला फिरवला तर आसिफाबादकडचं तेलुगू. दिल्लीचं हिंदी दोन्हीकडून सारखंच यायचं, त्याचं काही भांडण नव्हतं. भांडण होतं ते संध्याकाळच्या तेवढ्या वेळाचं, जेव्हा ज्याचं त्याचं राज्य बोलायचं. माझं माहेर राजुऱ्याकडं, म्हणजे उत्तरेला. तुमची लेक दिली होती करीमनगरकडं, म्हणजे दक्षिणेला. टीव्ही एक, पाईप एक आणि घरात बायका दोन, सासू आणि सून. तुम्हीच तोड काढली. पाईपाला दोन चिंध्या बांधल्या, एक माझ्या फाटक्या लुगड्याची लाल, एक तुमच्या चोळीची हिरवी. लाल दाराकडं आली की मराठी, हिरवी आली की तेलुगू. आणि एक दिवस आड वार वाटून घेतले, जसे विहिरीच्या पाण्याचे वाटतात.

आता सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही, पण त्या दोन चिंध्यांत दोन वेगळे मुलूख होते. मराठीवाली बाई सुती पातळात यायची, पदर खांद्याला टाचलेला, कपाळाला टिकली, आणि बोलणं असं की जणू बाजूला कोणी आजारी माणूस निजलं आहे. तेलुगूवालीच्या वेणीत गजरा असायचा, काठ हातभर रुंद, आणि ती शब्द असे सोडायची जसे सुपातून दाणे. इकडं शेतीच्या कार्यक्रमात संत्र्यावरची कीड, तिकडं धान आणि मिरची. तुम्ही दोन्ही मन लावून ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "दोघंबी शायने हायेत, पण आपल्या पऱ्हाटीचं, कापसाचं कोणी बोलून नाही राह्यलं." हवामानाच्या नकाशाचं तर विचारूच नका. मराठी नकाशा आपल्या गावाच्या अलीकडं संपायचा. तेलुगू नकाशात आपण अगदी वरच्या टोकाला, तिथं नेमकी अक्षरांची पट्टी यायची. तुम्ही म्हणायच्या, "मंग आपल्याकडं पानी पडते थे कोनाचं?"

आणि प्रक्षेपण मधेच तुटलं की पडद्यावर पाटी यायची आणि मराठीवाली म्हणायची, व्यत्ययाबद्दल क्षमस्व. तेलुगूवाली म्हणायची, अंतरायानिकि चिंतिस्तुन्नामु. तुम्ही लेकाला विचारलं, काय म्हणते रे? तो ऑफिसात तेलुगू लिहिणारा, म्हणाला, खेद आहे म्हणते. तुम्हाला ते पटलं नाही. "चिंतिस्तुन्नामु म्हणते ना? म्हणजे चिंता करते बापडी. तुमची मराठीवाली नुसती माफी मागून मोकळी."

आज दोन्हीकडच्या शंभर वाहिन्या घरात येतात, पण पाहून डोळे दुखतात. त्याच लाल पट्ट्या, तीच आरडाओरड. मालिकेत सासू तीच, सून तीच, अंगावरचे दागिनेही तेच, फक्त बोलणं एकीकडं मराठी आणि एकीकडं तेलुगू, आणि ओठ तिसरंच काही बोलतात. तक्रार नाही माझी. मीठ सगळ्या दुकानांत एकाच पुड्यातलं मिळतं, तसं हे झालं. पण आपण खडामीठ खाल्लेली माणसं, जिभेला कळतं.

तुम्हाला तेलुगू कशाला हवं होतं ते मला सुरुवातीला कळलं नाही. वाटायचं, सुनेवर कुरघोडी करायची म्हणून हिरवी चिंधी. मग लेकीची पत्रं तुम्हाला वाचून दाखवताना उमजत गेलं. चौथीतून शाळा सुटलेली मी, तुमच्या लेकीच्या अक्षरावरच माझं वाचन पक्कं झालं. तिनं एकदा लिहिलं की पोरगी आता बोलायला लागली, पण सगळं तेलुगूच बोलते, शेजारीपाजारी तेच. तुम्ही पत्राची घडी माझ्या हातून घेतली आणि म्हणालात, "मंग थे आली की मी तिच्याशी काय हातवारे करू?" त्या दिवसापासून मी हिरव्या दिवसाला नाक मुरडणं सोडलं.

त्यात माझ्या बाचं, वडिलांचं पोस्टकार्ड आलं. आमच्या बाची गायनपार्टी तुम्हाला माहीत होती. जयंतीला या गावाहून त्या गावाला, खंजेरी वाजवत बुद्ध-भीमाची गाणी म्हणत जन्म गेला त्यांचा, लोकांच्या ओट्यांवर. त्यांना नागपूरला नेऊन गाणं भरून घेतलं होतं आणि ते अमक्या दिवशी मराठीवर दाखवणार होते. बानं खाली लिहिलं होतं, "पोरी, तू पाहिलं म्हंजे सारं पाहिलं." लेकरू लहान, कापसाची वेचणी सुरू, दोन वर्षं मी माहेरी गेले नव्हते. बा पडद्यावर का होईना, दिसणार होते. एकदाच दाखवणार, हुकलं तर हुकलं. आणि तो दिवस हिरव्या चिंधीचा.

मी सकाळपासून तुमच्या मागंपुढं करत होते. शेवटी चुलीपाशी सांगितलं. तुम्ही भाकर थापता थापता म्हणालात, "आज माहा वार हाय. तुह्या बाले सांग, उद्या गाय म्हना."

मी पदर डोळ्याला लावला. तुम्ही भाकर तव्यावर टाकली आणि वळून पाहिलं.

"काऊन वो, रडून राह्यली काय? मी गंमत करून राह्यली. जाय, चिंधी फिरव."

संध्याकाळी वारं सुटलं. लाल चिंधी दाराकडं आणली, पण पाईप जागेवर राहीना. पडद्यावर नुसत्या मुंग्या. तुम्ही अंगणात गेलात, मी आत.

"आलं का?"

"आलं! गेलं, गेलं!"

"आता?"

"तसंच धरा, आत्याबाई! हलू नका!"

तुमचा हात पाईपाला लागला की चित्र लख्ख यायचं, हात काढला की मुंग्या. माणसाच्या अंगाचं ते काय असतं मला ठाऊक नाही, पण होतं खरं. बा दिसले. डोक्याला नवी टोपी, खंजेरी छातीशी, घरी गाताना डोळे मिटायचे तसेच मिटलेले. तुम्ही बाहेरून ओरडलात, "दिसला का व्याही?" मी म्हटलं, "दिसून राह्यले!" तुम्हालाही पाहायचं होतं. एकदा पाईप सोडून धावत उंबऱ्यापर्यंत आलात, पण तोवर पडद्यावर मुंग्या. "हत् तुझी," म्हणून परत फिरलात. गाणं संपेपर्यंत पदर वाऱ्यावर, हात पाईपावर. मग आत येऊन पाणी प्यालात आणि विचारलंत, "कसा दिसे?"

"टोपी नवी होती."

"मले त छपराच्या कवेलूवर बसलेला कावळा दिसला," तुम्ही म्हणालात, "थो बी मुका."

पुढच्या उन्हाळ्यात तुमची लेक नातीला घेऊन आली. पोर दारातच आईच्या मागं लपलेली, चार दिवस कोणाशी बोलेना. पाचव्या दिवशी भात शिजायला उशीर झाला आणि ती भुकेनं मुसमुसू लागली. तुम्ही तिच्या समोर गेलात, पदर टीव्हीतल्या बाईसारखा सावरलात आणि गंभीर तोंडानं म्हणालात, "अंतरायानिकि चिंतिस्तुन्नामु." पोर आधी थिजली. मग अशी हसली की अंगणात लोळली. तिच्या आजीला तेवढं एकच वाक्य धड येत होतं, पण त्या सुट्टीत ते पुरलं. भात करपला, गाय आटली, लाईट गेली, प्रत्येक वेळी ती पळत येऊन तुमच्या तोंडाकडं पाहायची आणि तुम्ही म्हणायच्या.

ती नात मागच्या आठवड्यात आली होती. आता तिचेही केस पिकायला लागलेत. मला मोबाइल दाखवून म्हणाली, "मामी, यात जुनं सगळं भेटते. टीव्हीचं जुनं लोकांनी जपून ठेवलंय. सांगा, काय लावू?" बाचं गाणं माझ्या ओठावर होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. आणि तोंडातून निघालं, "टीव्ही बंद पडल्यावर तुमच्या तेलुगूत पाटी यायची, थे लाव."

"पाटी? गाणं नाही, सिनेमा नाही, पाटी?"

पण तिनं शोधली. आम्ही दोघी ओट्यावर बसून एका न हलणाऱ्या पाटीकडं पाहत राहिलो. तिनं ती वाचलीही, पदर सावरून, अगदी तुमच्या गंभीर तोंडानं. मग दोघी हसलो, आणि ती थोडी रडली. मी वालाच्या शेंगा निवडत बसले.

हे पत्र मी कुठं धाडणार नाही. पत्ता असता तरी तुम्हाला ते वाचून दाखवायला मीच लागले असते. एक मात्र सांगून ठेवते. नात जाताना पुन्हा म्हणाली, मामी, आणखी काही शोधायचं का? मी नाही म्हटलं. बाचं गाणं मी एकदा पाहिलेलं आहे. तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून ते मला एकटीनं पुन्हा पाहवत नाही.