मोटारसायकलवरचे साठ गणपती

रामवाडी, पेण
नारळी पौर्णिमेला दहा दिवस

चि. सुशील यास दिनानाथ भावोजींचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुझी कंबर आता कशी आहे? (पहिल्या खेळाला पडद्यासमोर नाचताना ती लचकली, हे तुमच्या रोह्याहून येणाऱ्या प्रत्येकाने आम्हाला आपापली भर घालून सांगितलं.) तेव्हापासून तीन आठवडे तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र मधेच कट करता येत नाही.

'अंगार फौजदार'चा पहिला भाग आपण पेणला तीनदा पाहिला, आठवतं ना? काय सिनेमा होता! फौजदार बोलायचा कमी आणि ठोसा एकच मारायचा. समोरचा पुन्हा उठत नसे. त्या वर्षी मी खांद्यावर साखळदंड टाकलेला गणपती केला आणि कारखान्यात एक मूर्ती उरली नाही. यंदा दुसरा भाग येणार म्हटल्यावर तू शिफ्ट बुडवून आलास आणि मोबाइलवर जाहिरात दाखवलीस. काळा गॉगल, धावत्या मोटारसायकलच्या सीटवर उभा, एक पाय हवेत. "भावोजी, डोळे झाकून साठ करा!" मी डोळे झाकले. आमच्या धंद्यात सिनेमा यायची वाट बघत बसता येत नाही, साचे आधीच काढावे लागतात. साठ मोटारसायकली झाल्या. (मागच्या कॅरियरवर हेल्मेट घातलेला उंदीर, ही माझी अक्कल. त्याचा दोष तुला देत नाही.)

मग सिनेमा आला. मी आणि तुझी ताई हौसेने गेलो. पहिला अर्धा तास फौजदार आश्रमात गाईंना चारा घालतो, त्यानंतरचा अर्धा तास रडतो. मारामारीत इतका धूर सोडलाय की कोण कोणाला मारतंय हे त्यांनाही कळत नसावं. मला डुलकी लागली. ती तुझ्या ताईने कोपर मारून मोडली, कारण पडद्यावर आपली मोटारसायकल आली होती. गॉगल तोच, पाय तसाच. आणि तो फौजदार नव्हताच! फौजदारासारखा दिसणारा बदमाश होता तो, देवळाची दानपेटी पळवून निघालेला! साठच्या साठ गणपती मी त्या चोराच्या थाटात उभे केले होते, सुशील. पंख्याखाली बसून मला घाम फुटला.

दुसऱ्याच दिवशी डोलवीच्या मंडळाची मुलं आली. "काका, ह्यो तर व्हिलन हाय. आमाला नको." खोटं कशाला सांगू, त्या दिवशी तुझा फार राग आला. पण त्याहून जास्त वाईट मूर्तींचं वाटलं. आपल्या हातांनी घडवलेला देव फोडायचा कसा, आणि सिनेमा पाहून आलेल्या माणसाच्या हाती द्यायचा कसा? दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तुझी ताई कारखान्यात आली. पदर खोचून सगळ्या रांगेवरून एकदा फिरली आणि म्हणाली, "आवो, पाय वर हाय ना त्याचा? मग खालची गाडी कापा न् नाचतोय म्हणा!" (पंचवीस वर्षं मी मूर्तिकार आहे. हे मला सुचलं नाही.) मग आम्ही साठही गाड्या कापल्या, गॉगल खरवडले, डोळे नव्याने आखले. उंदराच्या हेल्मेटला पांढरा रंग दिला, आता तो डोक्यावर मोदक घेऊन उभा आहे. डोलवीची तीच मुलं परत येऊन "ह्यो बेस हाय" म्हणत मूर्ती ठरवून गेली. तेव्हा तोंड लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. तुझा सिनेमा पडला, आम्ही उभे आहोत.

पूजाला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिनानाथ भावोजी

ता. क. १ : राखीला शिफ्ट आहे, असा निरोप तू पूजाकडून पाठवलास. त्या वारी तुझी सुट्टी असते, हे तुझ्या ताईला पक्कं ठाऊक आहे. तरी तिने राखी आणून ठेवली आहे आणि रोज डबी उघडून बघते. मी बघितलं की झाकण लावते.

ता. क. २ : साठ कापल्या हे पूर्ण खरं नाही. एकोणसाठ कापल्या. साठावी, तुमच्या आळीची मोठी मूर्ती, गॉगल लावून अजून मोटारसायकलवरच आहे. तुझी ताई मला तिला हात लावू देत नाही. "ज्यानं चढवला त्यानंच उतरवायचा," म्हणते. पौर्णिमेला सकाळच्या गाडीने ये. आधी राखी, मग करवत.