चेरी, ओक आणि माझं नाक

६ एप्रिल, रविवार
आजपासून रोजनिशी. फक्त बिअर टेस्टिंगच्या नोंदी. घरगुती तक्रारी इथे नाहीत.

रणवीरने, म्हणजे आमच्या बॉसने, शेवटी विचारलंच. पंचवीस तारखेला त्याच्या हेब्बाळच्या घरी आमच्या सावर बिअर ग्रुपची बैठक. मी दोन वर्षांपूर्वी ब्रसेल्सहून आणलेली चेरीची बाटली तिथे उघडायची आणि तिच्यावर बोलायचं. ताबडतोब हो म्हटलं. ओकच्या पिंपात मुरवलेली आंबट बिअर, तिच्यात अख्ख्या चेऱ्या टाकून पुन्हा मुरवलेली. असलं काही प्यायला सगळेच येतात, पण समजावून सांगायला कोणीतरी लागतं. ऑफिसात मला ‘नाक’ म्हणतात ते उगीच नाही.

नाक सध्या जरा बंद आहे. फेब्रुवारीतल्या तापापासून. आमच्या एचएसआर भागातली धूळ, दुसरं काही नाही.

संकल्प: रोज सकाळी वाफ.

९ एप्रिल, बुधवार
वाफ राहिली. मीटिंग लवकर होती.

दूध करपलं. मैत्रेयीचं म्हणणं, नवरा शेजारी उभा असताना करपलं. उभा होतो, नाही कोण म्हणतंय? पण मोबाइलवर वाचत होतो की चेरीच्या बियांमुळे या बिअरला कडू बदामाचा वास येतो. अशा वेळी दुधाकडे कोणाचं लक्ष असतं? ती म्हणाली, निदान वास तरी यायला हवा होता. म्हटलं, आला होता.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव म्हणून मागे लागली आहे. सर्दीसाठी डॉक्टर गाठणाऱ्यांतला मी नव्हे.

१३ एप्रिल, रविवार
सासूबाई आल्या. अक्षय्य तृतीया होईपर्यंत मुक्काम. राजाजीनगरचं जुनं मराठी घराणं, कैक पिढ्या इथेच, त्यामुळे बोलण्यात निम्मं कन्नड. कोकमाला पुनर्पुळी म्हणतात, जरासं म्हणायचं तर स्वल्प. आल्या आल्या माझा फ्रिज आवरला. काचेची चांगली बाटली फेकून देणं त्यांच्या लेखी पाप. माझ्या जुन्या बिअरच्या बाटल्या धुऊन एकीत तेल भरलं, एकीत काकवी. लेबलं तशीच. फार वाईट दिसतं ते.

घरचा सराव सुरू. डोळे मिटून मसाल्याचे डबे हुंगायचे. लवंग ओळखली. नाकाला टोचली म्हणून ओळखली, पण ओळखणं ते ओळखणंच. वेलचीच्या डब्यातून काही आलं नाही. डबा रिकामा असावा.

१४ एप्रिल, सोमवार
डबा भरलेला होता.

१७ एप्रिल, गुरुवार
हे लिहिणार नव्हतो.

सकाळी गॅसचं बटण उघडंच राहिलं होतं. मी बराच वेळ स्वयंपाकघरात होतो, चहाचं आधण ठेवलं, लायटर हातात घेतला. सासूबाई हॉलमधून धावत आल्या, लायटर हिसकावला, खिडक्या भराभर उघडल्या. मैत्रेयी खाली बसून रडली. मी समजावलं, वास मला आला होता, कुठून येतोय तेच बघत होतो. लायटर घेऊन, असं तिने विचारलं.

अक्षर नीट येत नाही आज. भीती वाटली. फार वाटली.

उद्यापासून वाफ. यात बदल नाही.

२० एप्रिल, रविवार
मायलेकी देवळात गेल्या तेव्हा बाटली उघडली. जाणकार लोक जुनी बाटली आधी उघडून तिला मोकळी हवा देतातच. पाच दिवस आधी म्हणजे थोडं जास्त झालं, पण दोन वर्षं कोंडलेली आहे बिचारी.

ब्रसेल्समधला पहिला घोट मला अजून आठवतो. ओलं लाकूड, चेरी, मागून कडू बदाम, आणि सगळ्यांत शेवटी चक्क गोठ्याचा वास. परदेशात एकटा बसलो होतो आणि साताऱ्याकडच्या मामाचा गोठा आठवून डोळ्यांत पाणी आलं. त्या घोटापासून मी या बिअरचा झालो.

आज: आंबट.

पुन्हा घेतला. आंबट. जबडा आखडला, बाकी काही नाही. नाक ग्लासात घातलं, ओलं झालं, तरी काही नाही. कुणीतरी खोलीतला दिवा घालवला आहे आणि मी बटण चाचपतो आहे असं वाटलं.

बाटलीचाच दोष. प्रवासात दमली असणार. रबराचं बूच लावून फ्रिजच्या दारात ठेवली.

२३ एप्रिल, बुधवार
सासूबाईंनी समया आणि तांब्याचा कलश घासून काढले. इतके लखलखीत मी कधी पाहिले नव्हते. चिंचेची गरजच पडली नाही म्हणाल्या, घरात नासलेलं काहीतरी आंबट होतं तेच कामी आलं. मी नीट ऐकलं नाही. भाषण पाठ करत होतो.

भाषण उत्तम झालं आहे. भीती फक्त हर्षिताची. ही ऑफिसातली आमची टेस्टर मुलगी, वरच्या मजल्यावर कोणी संत्रं सोललं तर खाली सांगते. आजारी पडावं का? पण मग लोक विचारणार काय झालंय. ते नको.

वाफेचं भांडं सापडत नाही.

२६ एप्रिल, शनिवार
काल मैदान मारलं.

मी स्वतः ओतली. रंग गडद, जांभळट लाल. फेस अजिबात नाही. सांगितलं की पिंपात मुरलेल्या बिअरला फेस मिरवायची हौस नसते. घोट घेतला. आंबट, बऱ्यापैकी गोड, मागून चक्क मीठ. क्षणभर गडबडलो, पण सावरलं. समुद्राकाठच्या चेरीच्या बागा, खारा वारा, असं सुरू केलं आणि मग थांबलोच नाही. ओक, चामडं, कडू बदाम, गोठा. तोंड चालू होतं आणि पाय बर्फासारखे गार.

हर्षिताने हळूच विचारलं, जिऱ्याचा वास येतोय का. म्हटलं, येणारच, ओकमधून मसाल्याची छटा उतरते, तुझं नाक चांगलं आहे. ती मान खाली घालून हो म्हणाली. तनय, आमच्यात नवीन आहे, तो ग्लासाकडेच बघत राहिला. भारावला असणार. रणवीरने खांद्यावर हात ठेवून तब्येत विचारली. बॉस इतका हळवा झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

सगळ्यांनी ग्लास संपवले. कोणी थेंबभर टाकलं नाही.

२७ एप्रिल, रविवार
सकाळी सासूबाई फ्रिजसमोर उभ्या राहून विचारत होत्या की दारातली पुनर्पुळीच्या सरबताची बाटली कुठे गेली. मीठ-जिरं घालून मैत्रेयीसाठी केलं होतं. कुठली बाटली, मी विचारलं. तुमची ती परदेशी, त्या म्हणाल्या, आतलं सगळं नासून आंबलं होतं, त्यात समया घासल्या आणि बाटली स्वच्छ धुऊन सरबत भरलं.

समयांकडे बघत बसलो. दोन वर्षं जपली होती. देवाच्या समया दारूने घासल्या हे या माउलीला मी जन्मात सांगणार नाही.

पोहे खाता खाता बरं वाटू लागलं. मुद्दा असा की फसलो तो काही मी एकटा नाही. रणवीर फसला, तनय फसला, हर्षिता तर जिऱ्यापर्यंत येऊन फसली. एवढी सगळी माणसं चुकतात तेव्हा वर्णनात काहीतरी दम असतो. मैत्रेयीला तसं सांगितलं. ती खुर्ची ओढून समोर बसली. रणवीरचा तिला काल फोन आला होता.

“त्यांना पहिल्याच घोटाला कळलं होतं, विराज. तू इतका घाबरलेला दिसत होतास, म्हणून सगळे गुपचूप प्यायले.”

बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. साबण नाकाशी धरला. मग टूथपेस्ट. मग फिनेल. काही नाही. मुलाखत, परीक्षा, कशाचीच मला कधी अशी भीती वाटली नव्हती. मामाचा गोठा कायमचा गेला असेल तर?

बाहेर येऊन डॉक्टरांचा नंबर मागितला. सहज.

२९ एप्रिल, मंगळवार
राजाजीनगर. डॉक्टर पद्मनाभ. सासूबाईंच्या ओळखीचे, त्यामुळे त्याही बरोबर. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि एक डबी नाकाखाली धरली. मी वेळ घेतला. ओक, असं सांगितलं, आणि किंचित व्हॅनिला.

हिंग होता.

तापात वासाची नस दुखावली आहे म्हणाले. परत येईल, किंवा येणार नाही, आज सांगता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ वेगवेगळे वास मन लावून हुंगायचे. म्हणजे बघा, डॉक्टरांनी टेस्टिंगचा सरावच लिहून दिला. मी आधीपासून बरोबर मार्गावर होतो. ग्रुपवर कळवावं म्हणतो.

घरी येऊन स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई आमटीच्या तयारीला लागल्या होत्या. म्हटलं, फोडणीचा काय सुंदर वास सुटलाय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी कढईकडे. कढई कोरडी होती. तेलसुद्धा पडलं नव्हतं.

हसल्या नाहीत. तेल घातलं, मोहरी तडतडू दिली, हिंग टाकला आणि बाजूला सरकून मला जागा करून दिली.

“या विराजराव, इथे उभे राहा. आता येतोय?”

“स्वल्प,” मी म्हटलं.

त्यांनी आणखी चिमूटभर हिंग टाकला.