अकरा पावलं

४ फेब्रुवारी
ती. आईस सा. न. वि. वि.

सोबत एक पट्टा पाठवते आहे. तो बाबांच्या कमरेला आठ दिवस बांध, फक्त आंघोळीला काढ. आमच्या दवाखान्यात माणसाच्या चालण्यावरून तब्येत ओळखायचं काम चालू आहे. निरोगी माणसाची दोन पावलं कधीच हुबेहूब सारखी पडत नाहीत, पाय सारखा थोडाथोडा सावरत असतो. हा फरक फार वाढला तर माणूस पडायची भीती, आणि अगदीच आटला तरी काळजी. पट्ट्यात प्रत्येक पावलाची नोंद होते.

मला वीस जण हवेत, एकोणीस मिळाले. विसावे आपले बाबा. न्हाणीघरात पडल्यापासून ते खाट सोडत नाहीत म्हणतेस, या निमित्ताने तरी उठतील. घरातल्या पहिल्या पदवीचा घराला काही उपयोग होऊ दे, असं त्यांना सांग.

तुझी,
बाबांची लाडाने म्हटलेली बॅरिस्टर

१५ फेब्रुवारी
चि. बॅरिस्टरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

पट्टा परत पाठवला आहे. आठ दिवसांत एकदाही चुकवला नाही. बाबांनी आधी विचारलं, मी काय बैल आहे का कमरेला दोरी बांधायला. पण झालं एकदाचं. तुझे वीस पुरे झाले ना?

शेजारीण मला विचारत होती की परगावी गेले होते का, दिसतच नाही म्हणे. मला हसू आलं. तू वेळेवर जेवत जा.

तुझी आई

२३ फेब्रुवारी
ती. आईस सा. न. वि. वि.

बाबा चालायला लागले हे तू मला कळवलंसही नाही. नोंदी बघून मी टेबलावरच रडले. अकरा पावलं, वळण, पुन्हा अकरा पावलं, दिवसभर.

पण एक काळजी आहे. पावलापावलात फरकच नाही, मशीनवर घातलेल्या टिपेसारखी सगळी एकसारखी. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एवढ्यावरून आजार ठरत नाही, पण तपासायलाच हवं. बाबांना लवकर घेऊन ये. त्यांना घाबरवू नकोस, आणि तूही घाबरू नकोस.

तुझीच

२ मार्च
चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

रागावू नकोस. पट्टा मी बांधला होता. बाबांनी भिरकावून दिला, आणि तुझ्या पहिल्याच नोकरीत आपल्या घरामुळे यादी अडायला नको वाटलं. एका कमरेऐवजी दुसरी, त्यात काय बिघडलं असं मला वाटलं. ते अजून उठलेले नाहीत. स्वयंपाकाच्या ओट्यापासून त्यांच्या खाटेपर्यंत अकरा पावलं आहेत, तुझं पत्र आल्यावर मोजली.

मग मनात भीती शिरली. काल दुपारी शेजारणीला बाबांजवळ बसवलं आणि जिना उतरून एकटीच रस्त्यावर गेले. सरळ, मोकळा रस्ता. अकरा पावलं झाली आणि पाय आपोआप मागे वळले. पुन्हा निघाले, पुन्हा तसंच. कोपऱ्यावरच्या चांभाराने विचारलं, बाई, काही हरवलंय का. मी चपलेचं बक्कल म्हणाले. तो बिचारा उठून शोधायला लागला.

तपासणीला मी येईन. पण दिवस ठरवण्याआधी एवढं कळव, की त्या दिवशी बाबांजवळ कोण बसेल. शेजारीण तासाभराच्या वर थांबत नाही.

माझ्यावर आहे तेवढी माया असू दे.

तुझी आई