वांदरांचं गाऱ्हाणं

प्रिय बाबल,

सुमन परत गेली रे, कॉलेजात! आज सकाळी तिचा फोन आला आणि फोन ठेवल्यावर मी सवयीनं ओटीवर येऊन हाक मारली, "बाबल, आयकलंस काय?" ओटीवर कोण असणार? मांजर बसलं होतं. त्याला सांगून काय उपयोग! म्हणून हे पत्र.

जन्मभर तुला 'मेल्या' म्हणत आले. आता तीही सोय राहिली नाही.

सरळ विचारते, पाठचा भाऊ असून माझ्या आधी जायची तुला एवढी कसली घाई होती? गेलास तो गेलास, सुमनला माझ्या गळ्यात टाकून गेलास. तू मास्तर, मी सातवी पास. ती घेते ते वन्यजीवांचं शिक्षण म्हणजे काय, हे मला कुठं ठाऊक? वानरमाऱ्यांच्या वस्तीतून तू त्या पोरीला शिकायला आपल्या घरी आणलंस तेव्हा गाव काय काय बोलला! तू नुसता हसलास. मी दोन वेळा पेज वाढली, बाकी सगळं तुझंच.

तुझ्या बाराव्याला ती आली, ती परत जायचं नावच काढीना. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. "आका, थंय पयल्याच दिवशी सगळ्यांनी ओळख सांगितली. मी वानरमारे म्हटलंय, तर एक जण हसलो. म्हणता, मगे तू वांदर मारूक इलंस काय वाचवूक? गुरुजी दर रविवारी फोनार बोलत, म्हणान मी टिकलंय. आता माका नाय जावचा."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस! दर रविवारी मागीलदारी जाऊन तासभर बोलायचास, ते हे होय?

तिच्या बापाला, गणपतला, म्हटलं, "समजाव पोरीला." तरुणपणी जाळं घेऊन वांदरांमागे रानात फिरलेला माणूस, आता आंब्याच्या बागेत कामाला जातो. मान खाली घालून म्हणाला, "आमच्या नावापायीच तेका हसतत, आका. मी खंयच्या तोंडान सांगू?" बाबल, त्या दिवशी मला तुझा भारी राग आला. तू हवा होतास. मला भांडायला येतं, समजवायला येत नाही.

आणि पोरगी करायची काय? दिवसभर तुझी दुर्बीण घेऊन मागच्या माडांवरचे वांदर बघत बसायची. कुठली मादी कुणाचं पिल्लू सांभाळते, कोण कुणाला भितो, सगळं जेवताना मला सांगायची. शेजारचा तातू कुंपणापलीकडून ओरडायचा, "बघतंस काय नुसता? हाकल त्येंका! नारळ ठेवणत नाय माझे!" ही आपली हसायची. ज्याच्यात एवढा जीव, ते सोडून पोर इथं माझी भांडी घासणार काय?

शेवटी मीच उठले. घरातून कुठलंही पोर शिकायला निघालं की तुळशीपुढं नारळ ठेवून तू गाऱ्हाणं घालायचास ना, तसं घालायचं ठरवलं.

"मी जातंय असा म्हटलंय खंय?" सुमन म्हणाली.

"तू गप रव. देवाक सांगूक काय जाता?"

गणपतला बोलावलं, तातूला बोलावलं. गाऱ्हाण्याच्या दर मागण्याला 'व्हय' म्हणायला माणसं नकोत?

पदर खोचून उभी राहिले. "बा देवा म्हाराजा! ह्या चेडू शिकाक परमुलखात जाता हा. त्येच्या वाटेत काय वाकडा-तिकडा आसात, तर ता सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अरे, काय आवाज लागला होता माझा! जोर चढला आणि देवळात गावकार म्हणतो ते सगळं ओघानं येत गेलं. रोगराई झाली, पाऊसपाणी झालं आणि पाठोपाठ तोंडातून निघून गेलं, "वांदरांचो नायनाट कर रे म्हाराजा!"

तातू बेंबीच्या देठापासून ओरडला, "व्हय म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!" सुमन कडाडली.

गाऱ्हाण्याला नाय! उभ्या जन्मात कधी ऐकलंयस? तातूचा आ तसाच राहिला. मी जीभ चावली. घरच्या गाऱ्हाण्यात तू ते वाक्य गाळायचास, हे मला तेव्हा कुठं आठवलं!

सुमन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, वांदरांका तेंच्या रानातच पोटभर खावक गावांदे. तातूकाकाच्या माडार येवची पाळी तेंच्यार येव नये. ह्या कसा करूचा, ता शिकाक मी जातंय. माझा शिक्षण पुरा करून घे रे म्हाराजा!"

जातंय म्हणाली! बाबल, जातंय!

कुणी 'व्हय' म्हणेना. आणि मग गणपत, जो कधी वर बघून बोलत नाही, तो असा ओरडला की माडावरचे वांदर उठून पळाले. "व्हय म्हाराजा!"

तातूनंही म्हटलं. बारीक आवाजात, पण म्हटलं. खोबऱ्याचा मोठा तुकडा मात्र मागून घेतलान. दुसऱ्या दिवशी गणपतनं आणि मी तिला नांदगाव स्टेशनवर गाडीत बसवून दिलं.

आणि आजचा फोन! वर्गात नवी मुलं आली, पुन्हा ओळखी झाल्या. आधी हसलेला तो पोरगाही समोरच होता. ही उठून म्हणाली, "मी सुमन. आम्ही वानरमारे. माझ्या बापाशीन देवाम्होरं उभा रवान वांदरांसाठी 'व्हय' म्हटल्यान हा. तुमच्यातल्या कोणाच्या बापाशीन म्हटल्यान?"

मग टाळ्या पडल्या म्हणे. त्या पोरानंही वाजवल्या.

आता माझा शब्द घे. गणपतच्या भावाची धाकटी पुढच्या वर्षी शिकायला येतेय, पाखरांचं वेड आहे म्हणे तिला. तुझी खोली झाडून ठेवली आहे. रविवारचा फोन आता मी करीन, सुमनलाही आणि तिलाही. आणि माझ्या गळ्यात आवाज आहे तोवर या घरातून शिकायला निघालेलं एकही पोर गाऱ्हाण्याशिवाय पायरी उतरणार नाही.

तू तिथून 'व्हय' म्हण, म्हणजे झालं.

तुझी भांडकुदळ,
आका