चौकटीत बसवलेलं गाव

३ मार्च, सोमवार. सकाळी १०.
साहेबांनी बोलावलं. अग्निशमनवाल्यांना गावाचा नकाशा चौकटींचा हवाय. बंब कुठल्या घरी किती मिनिटांत पोचेल हे त्यांचं मशीन चौकटी मोजून ठरवतं. आपला नकाशा रेघांचा. म्हणजे व्हेक्टरचं रास्टर करायचं. साहेब म्हणाले, शनिवारपर्यंत द्या. मी म्हणालो, जेवणाआधी देतो. साहेब बघतच राहिले. कौतुकानेच.

११.२०. झालं. चार सेकंद. सॉफ्टवेअरने विचारलं, चौकट केवढी? शंभर मीटर टाकलं. मन मोठं हवं.
संकल्प: मॅन्युअल वाचायचं नाही. ते घाबरटांसाठी असतं.

४ मार्च, मंगळवार.
अग्निशमन अधिकारी स्वतः हजर. गल्ल्या कुठे गेल्या, विचारत होते. अख्खी बाजारपेठ एका चौकटीत, नदीचे दोन्ही काठ एकमेकांना चिकटलेले, वगैरे तक्रारी. मी म्हटलं, गावाकडे जरा लांबून बघा. ते म्हणाले, "लांबून बघत बसलो तर आग विझवणार कोण?"
रुक्ष माणूस.
चौकट एक सेंटिमीटर केली. घ्या म्हणावं गल्ल्या.

५ मार्च, बुधवार.
सर्व्हर भरला. करविभागाचे कॉम्प्युटरही बंद पडले. तिथली मंडळी तीनलाच घरी निघाली, जाताना माझ्याकडे बघून हसली. लोकप्रियता वाढतेय.
जागा करायला जुन्या फाइली उडवल्या. रेघांचा मूळ नकाशाही. रास्टर झाल्यावर तो कशाला? कचरापेटीसुद्धा रिकामी केली. अर्धवट काम मला खपत नाही.

६ मार्च, गुरुवार.
साहेब म्हणाले, मूळ फाइल घ्या, चौकट दोन मीटरची करा, संपलं. मी म्हणालो, उत्तम सूचना.
घाबरण्यासारखं काही नाही. रास्टरचं परत व्हेक्टर होतं. बटण आहे.

दुपारी ४. सेंटिमीटरचं रास्टर सर्व्हर भरल्यामुळे पूर्ण झालंच नव्हतं, म्हणून शंभर मीटरचं घेऊन बटण दाबलं. रेघा आल्या. सगळे रस्ते जिन्यासारखे, दवाखान्याचा तर तीन मजले चढतो. चौकटीत आकडा एकच मावतो, मी 'घर आहे' म्हणून १ टाकला होता, त्यामुळे घरनंबर गेले. जी काही घरं उरली, त्या सगळ्यांचा नंबर एक. कुणाची तक्रार यायचं कारण नाही.
बॅकअप घ्यायचा संकल्प जानेवारीतच केला होता. संकल्प शाबूत आहे.

संध्याकाळी बायकोला सहज सांगितलं. तिने विचारलं, मूळ नकाशा काढला कुणी? म्हटलं, आपल्या रिटायर्ड सर्व्हेअरकाकांनी. सहा वर्षं पायी फिरून, गल्लीन् गल्ली. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "आधी काकांकडे जा. साहेबांकडे नंतर."
तिला यातलं तांत्रिक कळत नाही. जेवण गेलं नाही. हवा बदललीय बहुतेक.

७ मार्च, शुक्रवार.
गेलो. दारातच सगळं बोलून टाकलं. आत बोलवायच्या आधीच. काका खाली बसले. विचारलं, घरनंबर? म्हटलं, सगळे एक. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. रागावले असते तर बरं झालं असतं.
मग म्हणाले, "साहेबांना सांग, बाजारपेठेपासून पुन्हा मोजायला धरू. तिथे बंबाला वळण अवघड आहे. उद्या सातला ये. बूट घालून."

८ मार्च, शनिवार.
साहेबांनी मला फील्डवर नेमलं. एक प्रकारची बढतीच.
सकाळपासून अकरा गल्ल्या झाल्या. राहिल्या चारशे दोन. काकांचं वय एकाहत्तर, चालतात माझ्या दुप्पट. टेपचं आकडे वाचायचं टोक त्यांच्याकडे. वही त्यांच्याकडे. माझ्याकडे दुसरं टोक. दर वेळी लांबून एकच सूचना येते:
"झिरो नीट धर. हलू नकोस."