दोन व्हायोलिन आणि माशांच्या टाकीचा पंप

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा व्हायोलिन बनवणे व दुसऱ्यांनी बिघडवलेली दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो. हात थरथरतो, पण तो फक्त हात आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे रागाच्या भरात केली होती, ती रद्द समजावीत. हे सगळे मुळात शेवटच्या कलमासाठी लिहिले आहे. ते मुलीसाठी आहे. मी असताना ते माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून मी नसताना वाचावे.

कलम १. राहते घर मुलगा व मुलगी यांना निम्मे निम्मे. मुलाने स्वयंपाकघरातला गळका नळ नीट करण्याचे नऊ वर्षांपूर्वी कबूल केले आहे. ते काम हिस्सा घेण्याआधी करावे. बँकेत जे असेल तेही निम्मे. फार आशा धरू नये.

कलम २. रंधे, पटाशा व सरसाचे भांडे संगीत शाळेला. मोठ्या पटाशीने कोणीही डबे उघडू नयेत. मुलाने एकदा उघडला आहे, त्याला कळेल.

कलम ३. माझा मेहुणा, म्हणजे दिवंगत पत्नीचा धाकटा भाऊ, धंद्याने घड्याळजी, याला काहीही देत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे वकील म्हणाले, तेव्हा मी लगेच त्याला साक्षीदार केले. त्याचे कारण पुढे येते.

कलम ४. मुलगी बारा वर्षांची झाली त्या वर्षी मी एकाच फळीतून दोन व्हायोलिन केली. नवे व्हायोलिन नव्या बुटासारखे असते. सगळे जागच्या जागी, पण अवघडलेले. रोज वाजवले की तारांचे कंपन त्यांच्याखालच्या घोडीवाटे लाकडात उतरते, लाकडाचा ताठा जातो आणि आवाज मोकळा होतो. चार महिने बंद ठेवले की ते पुन्हा रुसून बसते. हे मी पन्नास वर्षे सांगत आलो. मेहुण्याचे म्हणणे एकच: “दाजी, लाकडाला काही होत नाही. तुमच्या कानाला सवय होते.” त्याला खोटे पाडण्यासाठी एक व्हायोलिन मुलीला दिले आणि दुसरे कपाटात कुलूपबंद केले.

मुलगी तेवीस वर्षे वाजवत होती. वाद्यवृंदात लागली, पुढच्या रांगेत बसू लागली. एकदा कार्यक्रमानंतर लोक तिचे कौतुक करायला आले. मी त्यांना अडवून, लाकूड कसे मोकळे झाले आहे ते पाऊण तास समजावले. तिच्याबद्दल एक शब्द बोललो नाही. घरी येऊन तिने व्हायोलिन माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “बाबा, सगळं लाकडालाच येत असेल, तर माझी काय गरज? मोटर बांधा त्याला.” त्यानंतर तिने ते हातात घेतले नाही.

मी मोटर बांधली. एवढा मी शहाणा.

कलम ५. सदर मोटर म्हणजे माशांच्या टाकीत हवा सोडणारा पंप. तो रबराने घोडीला बांधून रोज सकाळी नऊ ते रात्री आठ, अशी तीन वर्षे चालवला. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी त्या घरघरीपायी स्वतःचा फ्रिज दोनदा दुरुस्त करून घेतला आणि तिसऱ्यांदा बदलला. पंप मी त्यांना देतो. त्यांनी तो मनाजोगा फोडावा.

कलम ६. गेल्या वर्षी मेहुण्याने चाचणी ठेवली: वाजवलेले कोणते, ते मी न पाहता ओळखायचे. कामाच्या खोलीत चादर टांगली, चादरीमागे संगीत शाळेचे मास्तर दोन्ही व्हायोलिन घेऊन बसले. पहिले खणखणीत वाजले, पण कोरडे. दुसऱ्याचे चार सूर ऐकले आणि मी खुर्चीवरून उठलो. म्हणालो, “हे माझं. बहिऱ्यालाही कळेल.” मेहुण्याने वहीत लिहिले: ‘चार वाजून बारा मिनिटे. दाजींनी कपाटातले निवडले.’ ही वही त्याने पुढे सहा महिने दुकानात येईल त्याला दाखवली. घड्याळाचा पट्टा बदलायला आलेल्यांनाही.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर मागच्या दारात मुलीचे निळे बूट. डाव्याची टाच लहानपणापासून झिजते तशीच बाहेरून झिजलेली. म्हणजे चादरीमागे दोघे होते. पंपवाले मास्तरांनी वाजवले, कपाटातले तिने. वाजवणारे दोन असतील तर ती चाचणीच नव्हे, आणि असली लबाडी घड्याळजीनेच करावी.

तेव्हा तिला हाक मारायला हवी होती. मी पाणी प्यालो, परत आलो आणि मेहुण्याशी भांडलो. ती मागच्या जिन्याने निघून गेली. तिला वाटते मला कळले नाही. वर्ष झाले, मला याची लाज वाटते.

कलम ७. दोन्ही व्हायोलिन मुलीला. मागच्या मृत्युपत्रात ‘रोज वीस मिनिटे वाजवावे, अन्यथा ते मेहुण्याकडे जावे’ अशी अट होती. अट रद्द. वाटले तर वाजवावे. वाजवल्याने व्हायोलिन सुधारते हे माझे मत कायम आहे. त्यात एकच दुरुस्ती: तेवीस वर्षे मी ज्याला लाकडाचा आवाज म्हणत होतो, तो तिच्या हाताचा होता. ज्या लाकडाला कोणी कधी शिवले नव्हते, त्यातूनही तो मला चार सुरांत ओळखू आला. हे कलम कोणाच्याही दबावाखाली लिहिलेले नाही. डॉक्टरांचा दाखला मुख्यतः याच्यासाठी घेतला.

स्थळ: माझे कामाचे टेबल
दिनांक: नऊ मार्च, मंगळवार
सही: व्हायोलिनवाला

साक्षीदार १: डॉक्टर. माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर आहेत, रक्तदाब जास्त आहे.

साक्षीदार २: मेहुणा. साक्षीदाराने फक्त सही करायची, वाचायचे नाही, असे दाजी म्हणाले. मी वाचले. चाचणीतली लबाडी मान्य. पण भाचीने कलम सात वाचावे म्हणून दाजी मरेपर्यंत थांबणे मला जमणार नाही. तिला फोन करून वाचून दाखवले. ती निघाली आहे, आणि कपाटाची किल्ली काढून ठेवा म्हणाली. वेळ: अकरा वाजून सात मिनिटे.