रुमालाखालचा गणपती

शुक्रवार, १४ सप्टेंबर २००७, कॅरी, अमेरिका

उद्या चतुर्थी, आणि आज कळतंय की आम्ही भाड्याने घेतलेलं हे घर आधी देऊळ होतं! प्राचीन इजिप्तचे देव पूजणाऱ्या अमेरिकन लोकांचं. त्यांच्या पुजारीणबाई राहिलेलं सामान न्यायला आल्या होत्या. त्यांचं पहिलं देऊळ दुकानाच्या गाळ्यात, दुसरं गॅरेजमध्ये. दोन्ही जागा आजूबाजूच्या लोकांनी सोडायला लावल्या. इथे कुणीतरी खिडकीवर वीट फेकली. तरीच ती एकच काच नवी आहे. "आमच्या देवाला ससाण्याचं तोंड, तेच खुपायचं," म्हणाल्या.

त्या गेल्या आणि मिलिंद गणपती घेऊन आला. रीतीप्रमाणे तोंडावर रुमाल. समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, काय आणलंत? सहजच विचारलं असेल. की नसेल?

"लॅम्प आहे," मी म्हणाले. मिलिंद माझ्याकडे बघतच राहिला.

मखर नेमकं त्या नव्या काचेसमोर. हलवावं का? पण उद्या रुमाल निघणार, सोंड दिसणार, आरती रस्त्यापर्यंत ऐकू जाणार. बाप्पाला दृष्ट लागू नये म्हणून रुमाल, असं आई सांगायची.

मिलिंदने सैलसर बांधलेली गाठ मी मघाशी घट्ट केली.